कोर्समध्ये नसलेला अंक

शोकांतिका माणसाचं मन धुऊन काढते, त्याच्यातली भीती आणि करुणा उपसून त्याला आधीपेक्षा निर्मळ करते, असं गेली दोन-अडीच हजार वर्षं मोठमोठी माणसं सांगत आली आहेत. सौंसरच्या शाळेत हे काम अकरावीच्या वर्गात, सोमवारी आणि गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला होत असे आणि त्याला परीक्षेत आठ गुण होते. सुधाकर सोमकुंवरने बावीस वर्षांत निर्मळ झालेला विद्यार्थी एकही पाहिला नव्हता. झोपलेले मात्र पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांच्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, कारण झोपलेला मुलगा प्रश्न विचारत नाही.

शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये त्याच्या फोनवर प्रशिक्षणाच्या ग्रुपचा संदेश आला. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून प्रशिक्षणासाठी छिंदवाड्याला जावं लागत नव्हतं; अंतर कमी झालं होतं आणि त्या मानाने प्रशिक्षणं वाढली होती. संदेशात लिहिलं होतं की अकरावीच्या इंग्रजीत या सत्रापासून नाटकाचा पाचवा अंक पुन्हा समाविष्ट करण्यात आला आहे, आणि येत्या मंगळवारी पांढुर्ण्याला जिल्ह्यातल्या सर्व इंग्रजी शिक्षकांसमोर त्या अंकाचा आदर्श पाठ श्री. सोमकुंवर, वरिष्ठ शिक्षक, सौंसर, घेतील. त्याखाली चौदा लोकांनी अंगठे टाकले होते. सुधाकरने फोन टेबलावर पालथा ठेवला. तोंडात खडूची चव आली. ती चव त्याच्या ओळखीची होती. पण एरवी ती शिकवून झाल्यावर यायची. समोर भूगोलाचे सर संत्र्याची साल काढत होते आणि सालीचा वास खोलीभर झाला होता, इतका की आपण त्या सालीच्या आत बसलो आहोत आणि बाहेरून कुणीतरी ती मिटवून घेत आहे असं त्याला उगाच वाटलं. भूगोलाच्या सरांनी दोन फोडी पुढे केल्या. त्याने त्या खाल्ल्या. आंबट होत्या.

नाटक तसं साधं होतं. तटबंदीच्या एका शहराचा राजा हुकूम काढतो की सूर्य मावळला की वेस बंद, आणि उजाडेपर्यंत ती कुणासाठीही उघडायची नाही. पहिल्या अंकात हुकूम निघतो, दुसऱ्यात लोक कुरकुरतात, तिसऱ्यात राजाचा धाकटा भाऊ शत्रूवर चालून जातो, आणि चौथ्याच्या शेवटी तो जखमी होऊन परत येतो तेव्हा दिवे लागून गेलेले असतात. तो वेशीवर हात मारतो. आत राजा उभा असतो. चौथा अंक तिथे संपतो, आणि पुस्तकही तिथेच संपत असे, कारण पाचवा अंक मंडळाने विद्यार्थ्यांवरचा भार कमी करण्यासाठी वगळलेला होता. शेवटच्या ओळीखाली थेट स्वाध्याय सुरू व्हायचे. मेलं कोण, हे कळणं हा भार आहे, असं ठरवणाऱ्या समितीत कोणकोण होतं हे सुधाकरला कधी कळलं नाही. पण त्या अनोळखी माणसांबद्दल त्याला एक प्रकारचा आदर वाटत असे. लाखो मुलांना वेशीबाहेर उभं करून ती मंडळी शांतपणे घरी जेवायला गेली होती.

पहिल्या वर्षी तो तीस वर्षांचा होता, आणि बूट तीन आठवड्यांचे. एम.ए. त्याने नागपूरला केलं होतं, थोरला भाऊ वामन याच्या खोलीवर राहून, बाजारातल्या गाइडांच्या आधारे. हेच नाटक तिथेही होतं, पण 'पाचपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' या सोयीमुळे त्याने ते अख्खंच्या अख्खं ऑप्शनला टाकलं होतं. सौंसरला आल्यावर त्याने चार अंक प्रामाणिकपणे वाचले आणि प्रामाणिकपणे शिकवले. मग एका गुरुवारी, चौथा अंक संपल्यावर, खिडकीजवळ बसणारा प्रफुल्ल कळंबे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मंग राजा दार उघडते का नाई?" बेचाळीस चेहरे वर झाले. इतके चेहरे एकाच वेळी जागे असलेले सुधाकरने त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाहीत. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द बोलायचे होते. ते त्याच्या घशापर्यंत आलेही असावेत. पण वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं, किंवा हसलं असं त्याला वाटलं, आणि तो म्हणाला, "उघडतो." एकदा उघडतो म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. राजा स्वतःच्या हाताने अडसर काढतो, भावाला मिठी मारतो, मी माझाच कायदा मोडला म्हणून मुकुट उतरवून ठेवतो, आणि दोघे भाऊ उजाडताना शहर सोडून निघून जातात. तो बोलत होता आणि त्याला स्वतःलाच गहिवरून येत होतं. प्रफुल्लने विचारलं की मग हे नाटक दुःखाचं कशाचं, तर सुधाकर म्हणाला, "राजपद गेलं ना." वर्गाला ते पटलं. पद गेलं म्हणजे काय होतं हे सौंसरमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण वार्षिक परीक्षेचा पेपर काढायला बसला तेव्हा त्याला आपल्या त्या शेवटाची आठवण झाली आणि तो मोह आवरला नाही. त्याने प्रश्न घातला: राजा शेवटी काय करतो? गुण चार. कोर्समध्ये नसलेल्या अंकावर प्रश्न आला म्हणून कुणी ओरडलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ होतं. एक्केचाळीस पेपरांत राजाने दार उघडलं. एका पेपरात उघडलं नाही. ती अलका बोबडे होती, दुसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसणारी, प्रश्न न विचारणारी. तिने चार ओळींत लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत, पण अगदी सरळ: राजा दार उघडत नाही. सकाळी उघडतो. भाऊ मेलेला असतो. राजा म्हणतो, कायदा बरोबर होता. सुधाकरने तिथे लाल शून्य काढलं, त्या शून्याभोवती आणखी एक गोल काढला, आणि समासात शेरा लिहिला: पाठ काळजीपूर्वक वाचा. कोणता पाठ, हे लिहायला समासात जागा नव्हती.

हे सगळं तो विसरूनही गेला असता. पण दोन वर्षांनी दिवाळीत नागपूरला गेला असताना सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला ते नाटक पूर्ण मिळालं, पाचही अंकांचं, कुणाच्या तरी नावाचा शिक्का मारलेलं. शेजारी उसाच्या चरख्याचे घुंगरू वाजत होते. तो उभ्याउभ्याच पाचवा अंक वाचत गेला. राजा दार उघडत नाही. रात्रभर आतल्या बाजूने वेशीला पाठ लावून बसून राहतो, आणि बाहेरून हात मारण्याचा आवाज हळूहळू कमी होत जातो. उजाडल्यावर वेस उघडतात तेव्हा टेकून बसलेलं भावाचं प्रेत आत पडतं. कायदा बरोबर होता, राजा म्हणतो. मग तो बाहेर जातो आणि आपल्यामागे वेस बंद करायला सांगतो. शेवटचं तेवढं अलकाने लिहिलं नव्हतं. बाकी चारही ओळी जशाच्या तशा. पुस्तकवाला म्हणाला की वाचायचंच असेल तर विकत घ्या. सुधाकरने विकत घेतलं. परतीच्या बसमध्ये ते पिशवीत, संत्र्याच्या बर्फीच्या डब्याखाली होतं, आणि तरी त्याचे कोपरे मांडीला टोचत राहिले.

तोपर्यंत अलका शाळेतून गेलेली होती. त्या अकरावीच्या निकालात तिचं नाव एखाद्या विषयात नापास झालेल्यांच्या पूरक परीक्षेच्या यादीत होतं. सूचनाफलकावर नुसती नावं होती, विषय नव्हते. पूरकमध्येही ती राहिली आणि वर्ष गेलं. एक वर्ष म्हणजे काही फार नसतं, सौंसरमध्ये लोक एकेका बांधाच्या भांडणात अशी बारा-बारा वर्षं घालवतात. पण अलकाचं बी.एड. त्यामुळे एक वर्ष उशिरा झालं, आणि त्याच एका वर्षात शिक्षकांची मोठी भरती होऊन गेली. प्रफुल्ल कळंबे त्या भरतीत लागला, बोरगावला कायम झाला. अलका तेव्हापासून अतिथी शिक्षक होती, म्हणजे दर जुलैमध्ये ठेवतात आणि एप्रिलमध्ये विसरतात त्या प्रकारची. सध्या लोधीखेड्याच्या शाळेत होती. कधी बसस्टँडवर दिसे. पर्स काखेत दाबून, डोक्यावर ओढणी घेऊन, उन्हात उभी. "नमस्ते, सर," म्हणे. सुधाकर नमस्ते म्हणे आणि हातगाडीवरची संत्री बघू लागे, जणू ती त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली होती.

त्या पेपरात अलकाला एकूण किती गुण पडले होते, हे त्याला आठवत नव्हतं. शून्य आठवत होतं. शून्याचा तो लाल गोल त्याला अगदी स्पष्ट दिसे, पेनची शाई जिथे जरा फुटली होती त्या ठिकाणासकट. चार गुणांनी ती राहिली, हे त्याने केव्हातरी ठरवलं आणि पुढे ते ठरवलेलं न राहता घडलेलं झालं. निकालाचं रजिस्टर स्टाफरूममधल्या हिरव्या कपाटात होतं. त्याच्या खुर्चीपासून कपाट अकरा पावलांवर. वीस वर्षांत त्याने ते रजिस्टर उघडलं नाही. माणूस आपला गुन्हा कपाटातून काढून पुन्हा पुन्हा पाहत नाही, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की त्याच्यापुढे कपाट उघडायचं कारणच उरलं नाही.

खरं तर त्या गुन्ह्याचा त्याला उपयोगही झाला होता. मध्यंतरी वामनदादाने खटपट करून नागपूरच्या एका कॉलेजात त्याच्यासाठी जागा मिळवली होती. नागपूर सीमेपलीकडे, म्हणून राज्य बदलणार होतं, बोर्ड बदलणार होतं, संध्याकाळी बोलायला मराठी वाचणारी माणसं मिळणार होती. नेमणुकीचं पत्र आठ दिवस उशीखाली होतं. त्याचे वडील, ज्यांना सगळा मोहल्ला दादाजी म्हणे, दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत चाळीस वर्षं झाडांना आळी करत जगले होते, ते एवढंच म्हणाले, "सरकारी सोडून जात असते का कोनी?" सुमनने, त्याच्या बायकोने, अंगणवाडीतून येऊन चपला काढता काढता विचारलं की मग काय ठरवलं. सुधाकर म्हणाला की दादाजींचे गुडघे दुखतात. पण आत त्याने वेगळं सांगितलं होतं, फार उंच आवाजात सांगितलं होतं: ज्याने एका मुलीचं वर्ष खाल्लं त्याला पुढे जाण्याचा अधिकार नाही. जिथे केलं तिथेच फेडायचं. हे म्हणताना त्याच्या पाठीतून एक थंड शिरशिरी गेली होती आणि ती वाईट नव्हती. नागपूरच्या मोठ्या वर्गांची, तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांची, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची त्याला भीती वाटत होती, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आलं होतं, पण त्याने ते ऑप्शनला टाकलं. तेव्हापासून तो सौंसरमध्ये आत बसलेला होता, पाठ लावून. बाहेरून काही आवाज येत असे का, तर कधीकधी वामनदादाचा फोन येत असे. तोही हळूहळू कमी झाला. दादाजी गेले, त्यांचे गुडघेही गेले, आणि कारण मात्र राहिलं.

रविवारी तो पाचवा अंक घेऊन बसला. पुस्तकाची पानं पिवळी पडून कडांना चुरा होत होती. वाचायला काही नव्हतं, सगळं पाठ होतं. प्रश्न एवढाच होता की मंगळवारी सभागृहात कोणता शेवट सांगायचा. खरा सांगितला तर बावीस वर्षांचा खोटेपणा चव्हाट्यावर येणार होता, कारण आजूबाजूच्या शाळांत इंग्रजी शिकवणारे निम्मे त्याचेच विद्यार्थी होते. खोटा सांगावा, तर नवीन पुस्तकं आज ना उद्या येणारच होती आणि त्यांत पाचवा अंक छापलेला असणार होता. शिवाय सभागृहात अलका असणार होती. यादीत नाव होतं. सुमन भाजी निवडत समोर बसली होती. ती म्हणाली, "बावीस वर्सापासून एकच नाटक शिकवून राहिले, अन् घाम कायचा येऊन राहिला तुमाले?" तो म्हणाला की साहेब लोक असतील. "मंग असू द्या ना. त्यायनं तरी कुठी वाचलं असन?" सुमनने देठ टोपलीत टाकले. तिला अलकाचं काहीच माहीत नव्हतं. वीस वर्षं तिच्या शेजारी झोपून त्याने एवढी एक गोष्ट सांभाळली होती, आणि क्वचित त्याला असं वाटे की आपल्याकडे आपलं म्हणावं असं तेवढंच आहे.

मंगळवारी सकाळची बस जामसांवलीला जाणाऱ्या भाविकांनी गच्च भरलेली होती. नारळ, अगरबत्त्या, पिशव्या, मांडीवर पोरं. सुधाकर खिडकीला चेपून बसला होता आणि एका म्हाताऱ्याची काठी त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये उभी होती, म्हणजे पाय हलवायचे तर म्हाताऱ्याला विचारून. त्याने विचारलं नाही. बाहेर कपाशी होती, मग संत्र्याच्या बागा, मग पुन्हा कपाशी. लहानपणी या बागांतून दादाजींसाठी भाकरी घेऊन जाताना तो झाडं मोजत जायचा, रांगेच्या शेवटी पोचलं की पुढे आणखी एक रांग असायची, आणि सगळ्या रांगा इतक्या सारख्या होत्या की एकदा तो चुकून दुसऱ्याच्या बागेत तासभर चालत राहिला होता. घाबरला नव्हता. बाहेर पडायची वाट सापडत नाही हे त्याला समजलंच नव्हतं, त्याला वाटलं होतं बाग मोठी आहे. ही आठवण आत्ताच का आली याचा तो विचार करत होता तेवढ्यात जामसांवली आली आणि बस रिकामी झाली. म्हातारा काठी घेऊन उतरला. आता पाय पसरता आले असते. पण पाय तसेच जुळलेले राहिले, आणि पांढुर्ण्यापर्यंत सुधाकरने मनातल्या मनात एक वाक्य घासून घासून तयार केलं: मी तेव्हा वाचलंच नव्हतं. इंग्रजीत, मग मराठीत, मग हिंदीत. कोणत्याच भाषेत ते लांब होत नव्हतं.

सभागृहात पंखे होते, पण ते आवाजासाठी होते. चाळीसेक शिक्षक. पहिल्या रांगेत प्रशिक्षण बघणारे हेमराज साहेब, गळ्यात ओळखपत्र, हातात सरकारी पाण्याची बाटली. प्रफुल्ल कळंबे धावत पुढे आला आणि पाया पडला. त्याचं पोट सुटलं होतं आणि वाकताना त्याला कष्ट पडले. मग त्याने अभिमानाने झेरॉक्सची बाडं सगळ्यांना वाटली. वर ठळक छापलं होतं, 'सुधाकर सरांच्या नोट्स'. ही बाडं म्हणे बोरगावपासून लोधीखेड्यापर्यंत सगळ्या शाळांत चालतात. चौदाव्या पानावर राजा अडसर काढत होता. भावाला मिठी मारत होता. सुधाकर जे वाक्य बावीस वर्षांपूर्वी गहिवरून, सुचेल तसं बोलला होता ते तिथे अवतरण चिन्हांत होतं, आणि खाली 'अतिमहत्त्वाचे' असं लिहून तीन चांदण्या काढल्या होत्या. तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला, अलका बसली होती. वही उघडून तयार होती.

त्याने पाठ सुरू केला. चार अंक दहा मिनिटांत आटोपले. मग तो वेशीपाशी आला आणि थांबला. पंख्याची कडी किरकिरत होती. त्याला वाटलं, आत्ता कुणी हसलं तर आपण पुन्हा तेच करू. कुणी हसलं नाही. तो म्हणाला, "राजा दार उघडत नाही." आणि उरलेला अंक सांगितला, उजाडेपर्यंत, प्रेत आत पडेपर्यंत, राजा बाहेर जाईपर्यंत. 

प्रफुल्ल उभा राहिला. तो दुखावला गेला होता, हे त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं. "सर, उघडते ना जी. तुमीच तं सांगतलं होतं आमाले. चौदा वर्सापासून मी हेच शिकवून राहिलो."

"मी खोटं सांगितलं होतं, प्रफुल्ल," सुधाकर म्हणाला. "मी तेव्हा पाचवा अंक वाचलाच नव्हता."

झालं. बोलून झालं होतं. त्याने वाट पाहिली. कशाची, ते त्याला सांगता आलं नसतं. छप्पर कोसळावं, निदान कुणी उठून बाहेर जावं. मग मागून एक जण म्हणाला की सरांचं हे असंच, किती साधेपणा. कुणीतरी म्हटलं की ही विचार करायला लावण्याची पद्धत आहे, आधी चुकीचं सांगायचं, मग बरोबर. मागच्या प्रशिक्षणात हिचं नावही सांगितलं होतं. दोघांनी ते वहीत लिहून घेतलं. प्रफुल्ल मात्र खाली बसेना. त्याचं म्हणणं असं की मुलांनी गेल्या वर्षीपर्यंत उघडते असं लिहिलं आणि पास झाली, आता नाही उघडत म्हटलं तर पालक येतील. शिवाय नोट्स या वर्षीच्या छापून झाल्या होत्या. यावर बरीच चर्चा झाली. काही जण उघडण्याच्या बाजूचे होते, काही न उघडण्याच्या, आणि एका मॅडमचं मत पडलं की अर्धवट उघडलं तर. शेवटी हेमराज साहेबांनी बाटली खाली ठेवली. "देखो, सोमकुंवर सर," ते म्हणाले, "राजानं काय केलं ते राजा जाने. बच्च्याचे नंबर कटले नाही पाहिजे. दोनी उत्तरं मान्य करून टाका." तसा ठराव लिहिला गेला: नाटकाच्या अखेरीस राजा दार उघडतो अथवा उघडत नाही. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. सुधाकरचीही झाली, वरिष्ठ म्हणून सगळ्यांत वर.

जेवणाची पाकिटं मागच्या व्हरांड्यात वाटत होते. पुरी, बटाट्याची भाजी, एक बुंदीचा लाडू. सुधाकर पाकीट हातात धरून उभा राहिला. त्याला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं. बावीस वर्षं अंगाने लावून धरलेला दरवाजा उघडून पाहावा आणि पलीकडे तसाच व्हरांडा निघावा, तसं काहीसं झालं होतं. पण सभागृह म्हणजे काही अलका नव्हती. ती टोकाला पायरीवर एकटी बसून खात होती. तो तिच्याकडे चालत गेला. हे अंतर त्याने मनात इतक्यांदा कापलं होतं की प्रत्यक्षात ते फार लवकर संपलं.

"सर, उभे काऊन? बसा ना," अलका म्हणाली आणि ओढणीने पायरी पुसली. तो बसला. तिच्या केसांत बाजूला पांढरं आलं होतं. तो म्हणाला की अकरावीत तुला मी एका प्रश्नाला शून्य दिलं होतं.

"याद आहे ना जी. लाल गोल केला होता दोनदा. पाठ नीट वाचा म्हून लिहिलं होतं." ती हसली. "मी घरी जाऊन चारदा पुस्तक उलटंपालटं केलं. पाठ तं त्यात नव्हताच."

"तुझं उत्तर बरोबर होतं. आज सांगितलं तेच. तू कुठे वाचलं होतंस?"

"वाचन कुठी, सर? आमच्या घरी कोर्सचीच पुस्तकं मांगून आनलेली राहे." तिने पुरीचा तुकडा मोडला. "तो मानूस दार उघडनारा नव्हताच ना. पहिल्या अंकापासूनच दिसते. आमचे बाबाजी तसेच होते. एकदा नाई म्हनलं का मंग नाई. माझी आत्या मनानं लग्न करून आली होती, तं दोन दिवस आंगनात बसून राहिली. आम्ही सारे घरात जेवून राहिलो, अन् आत्या बाहेर बसून. मंग चालली गेली. बाबाजी मरेपर्यंत हेच म्हनत, मी बरोबर केलं. मले वाटलं, राजाबी तेच म्हनन."

 पाचही अंक सुधाकरने निदान तीस वेळा वाचले होते. लाडवाचे कण त्याच्या बोटांना चिकटले होते आणि ते कुठे पुसावेत हे त्याला कळत नव्हतं. मग त्याने ते वाक्य म्हटलं, जे सभागृहातल्या वाक्यापेक्षा कितीतरी जुनं होतं, ज्याच्यावर नागपूर गेलं होतं, वामनदादा गेला होता, सुमनपासून लपवलेली वीस वर्षं गेली होती. तो म्हणाला, "अलका, माझ्या त्या चार गुणांनी तुझं वर्ष गेलं. भरती गेली. मी तुझं फार मोठं नुकसान केलं."

अलका चावायची थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आधी नीट समजून घेण्यासाठी आणि मग, समजल्यावर, थोडं संकोचून, वयस्कर माणसाचं बटण उघडं राहिलेलं सांगावं की नाही अशा तऱ्हेने.

"वर्ष तं गनितात गेलं होतं, सर," ती म्हणाली. "सतरा होते. पूरकमध्ये बारा."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत बासष्ट होते."

त्या वर्षी त्या वर्गात इंग्रजीत ते सगळ्यांत जास्त होते.